केसांतला पारा : मुळशीकाठच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५, पुणे

गटाची पहिली बैठक झाली. काम काय ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते. धरणांच्या फुगवट्यात आणि ओढ्यांत मासे धरून जगणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या शरीरात मिथाइल पारा, म्हणजे माशांतून येणारं पाऱ्याचं मेंदूला घातक रूप, किती आहे, याची बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेसाठी आजचा आकडा, केसांच्या नमुन्यांतून तयार करायची. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून वेगळं धरलं जातं. पुणे जिल्ह्यात त्यांतली कातकरी वस्ती आहे, आणि मुळशी-मावळात ती पाण्याच्या कडेकडेने आहे.

पहिला प्रश्न अपेक्षित होता: इथे ना सोन्याची खाण, ना पाऱ्यावर चालणारा कॉस्टिक सोड्याचा कारखाना, मग शोधायचं काय? याचं उत्तर हवेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातला सर्वात मोठा वाटा, साधारण ३८ टक्के, हाताने चालणाऱ्या छोट्या सोन्याच्या खाणींचा. त्याखालोखाल कोळसा जाळण्याचा. हा पारा महिनोन्‌महिने हवेत फिरतो आणि पावसाबरोबर कुठेही उतरतो. तळ्याच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात जातो, शेवाळातून बारीक माशात, बारीक माशातून मोठ्या माशात, आणि दर पायरीला वाढत जातो. म्हणून पाण्याच्या चाचणीवर पैसे घालायचे नाहीत असं ठरलं. पाणी पिण्यालायक असतानाही त्यातली मोठी मरळ पारा बाळगून असू शकते.

आमच्यातल्या डॉक्टरांनी उठता उठता विचारलं, "एखाद्या बाईचा आकडा जास्त आला, तर तिला आपण काय सांगणार आहोत?" फळ्यावर तेवढंच लिहून ठेवलं. याचं उत्तर कागदावर येईपर्यंत कात्री बाहेर काढायची नाही.

१४ जून

दोन दिवस ग्रासी नॅरोजचं वाचन. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांची ही वस्ती. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावी कागद कारखान्याशी जोडलेला क्लोरिनचा प्रकल्प होता. १९६२ ते १९७० या काळात त्याने सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत सोडला. १९७० साली तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली. नदी तीच, मासे तेच, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांचा रोजगार एका फटक्यात गेला. शहरी पर्यटकांना मासेमारीला नेणारे वाटाडे घरी बसले. पुढच्या काळात त्या वस्तीत दारू, हिंसा आणि आत्महत्या वाढल्या, त्याची मुळं तिथले लोक आजही त्या वर्षांत दाखवतात.

पण मी थांबले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. १९७० ते १९९७ या काळात सरकारने त्यांच्या केसांचे आणि रक्ताचे नमुने नेमाने घेतले. ते सगळे आकडे एकत्र जुळवून त्यांचा माणसांच्या आयुष्याशी काय संबंध होता हे तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला २०२० साली, तोही वस्तीनेच पाठपुरावा केल्यावर. ज्यांच्या केसांत एकदा तरी दर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त पारा सापडला होता, ती माणसं इतरांपेक्षा लवकर गेली होती. केस नेणाऱ्यांकडे माहिती होती आणि केस देणारे मरत होते. हे वाचून मला संताप आला, आणि तो इथे लिहून ठेवते आहे.

जपानमधल्या मिनामाताची गोष्ट, कारखान्याने पाण्यात सोडलेल्या पाऱ्याने मासे खाणारी माणसं आजारी पडल्याची, बहुतेकांना माहीत असते. तरी एक तपशील गटाला मुद्दाम सांगणार आहे. मिनामाताच्या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ची. तो कारखाना चालवणाऱ्या चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी मांजराला अन्नातून दिलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही आणि ती पारा वापरणारी उत्पादनपद्धत १९६८पर्यंत चालू राहिली. विज्ञान नऊ वर्षं आधी तयार होतं, लोकांच्या हातात तेवढं पोचलं नाही.

२१ जून

पालख्या शहरात मुक्कामाला, त्यामुळे प्रयोगशाळेची भेट पुढे ढकलली. घरूनच धरणांचा हिशेब केला.

नवीन धरण भरतं तेव्हा बुडालेली माती आणि झाडोरा कुजतो, जिवाणूंना खाद्य मिळतं, आणि माशांतला पारा काही वर्षं एकदम चढतो. कॅनडातल्याच जेम्स बे भागात ला ग्रांद नदीवरचे जलाशय भरल्यावर क्री या मूळनिवासी लोकांच्या खाण्यातल्या माशांत हे घडलं. पारा काही पटींनी वाढला, आणि खाली यायला वीस-तीस वर्षं लागली. १९८६ साली क्री लोक, क्वेबेक सरकार आणि वीज कंपनी यांच्यात फक्त या पाऱ्यासाठी वेगळा करार करावा लागला.

आपल्याकडचं पाहिलं तर खडकवासला १८७९चं. मुळशीचं धरण शंभरीला टेकलेलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१चा. पानशेत १९६१ साली फुटलं ते नंतर पुन्हा बांधलं. म्हणजे भरण्याच्या वेळचा चढ, असलाच तर, केव्हाच ओसरला असणार. हे आपल्या बाजूचं आहे. मात्र पाणी दर उन्हाळ्यात उतरतं, काठ उघडा पडतो, त्यावर गवत उगवतं आणि पावसात ते पुन्हा बुडतं. असं उघडझाप होणं पाऱ्याच्या मिथाइलीकरणाला पोषक असतं. त्यामुळे "जुनं धरण आहे, काळजी नको" असं परस्पर ठरवायचं नाही, मोजायचं.

२ जुलै

वाडीवर पहिली बैठक. वाडीचं नाव या नोंदींत येणार नाही. कारण पुढे लिहिते.

पाऊस धरलेला. ओढ्याला चढणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे लागलेले, त्यामुळे अर्धी वाडी पाण्यावर. जी मंडळी होती ती समाजमंदिराच्या ओट्यावर बसली. आमच्या गटातली कार्यकर्ती याच समाजातली, शेजारच्या वाडीची. बोलणं तिनेच सुरू केलं, आम्ही गप्प बसलो. ते बरं झालं.

मासे कुठले, याची यादी बायकांनी भराभरा सांगितली: मुरे, चिंगळ्या, खेकडे, चिलापी, वाम, मरळ, शिंगटा, कधी ठेकेदाराने सोडलेला कटला नाहीतर रोहू. मोठा मासा बाजारात जातो, बारीक घरात शिजतो. हे ऐकून मी कान टवकारले. पाऱ्याच्या दृष्टीने घरातलं ताट बाजारातल्या पाटीपेक्षा बरं असण्याची शक्यता आहे. बाजारातून येतं ते सुकट, सुके बोंबील, आणि पैसे असले तर खारवलेली मुशी. मुशी म्हणजे शार्क, अन्नसाखळीच्या टोकाचा मासा. प्रश्नावलीत गोड्या पाण्याचीच यादी होती. सुक्या मासळीचं पान आजच जोडलं.

मग केसांचा विषय निघाला. एक वयस्क मावशी म्हणाल्या, "रगत मागा, देऊ. केस नाय देणार. केसावर करणी करत्यात." कुणी हसलं नाही. कार्यकर्तीने उलट विचारलं, "मावशी, तुझ्यासमोर कापले, लागतील तेवढेच नेले, उरले तर तुझ्याच हातात परत दिले, तर?" मावशींनी विचार केला. "आन जे नेतान, ते कुठं टाकतान?" यंत्रात ते पूर्ण जळून जातात असं मी सांगितलं. "जळत्यात ना पक्के? मंग ठीक हाय."

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागला. एक दादा म्हणाले, मागे एका तपासणीला सगळ्यांचं रक्त नेलं, फोटो काढले, केळी वाटली. कागद काही आला नाही. कुणाचं काय निघालं, आजतागायत माहीत नाही. तुम्ही पण तसंच करणार का?

ज्यांनी ते केलं त्यांना मी ओळखत नाही. पण त्या ओट्यावर आमची गणना त्यांच्यातच होत होती, आणि ती होणं रास्त होतं.

११ जुलै

केसच का, हे गटातल्या सगळ्यांना एकसारखं सांगता यावं म्हणून टिपण.

मिथाइल पारा रक्तातून वाढत्या केसात जातो आणि तिथे पक्का बसतो. केसातलं प्रमाण रक्तातल्यापेक्षा साधारण २५० पट असतं; म्हणजे केसात दर ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम असेल तर रक्तात लिटरमागे ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. रक्तातला मिथाइल पारा निम्मा व्हायला ५० दिवसांच्या आसपास लागतात, त्यामुळे रक्त अलीकडचंच सांगतं. केस महिन्यामागून महिना मागे जातो. इराकमध्ये १९७१-७२च्या हिवाळ्यात पारायुक्त बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं धान्य लोकांनी दळून भाकरीसाठी वापरलं. ६,५३० माणसं रुग्णालयात गेली, त्यांतली ४५९ दगावली. पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत होत्या. त्या वेळी बायकांच्या लांब केसांचे तुकडे क्रमाने तपासून कोणत्या महिन्यात किती विष गेलं, गरोदरपणाचा कोणता महिना होता, हे काढता आलं.

आपल्या कामाला हे फार उपयोगी आहे. दिवाळीनंतर वाडीतली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिकडे मासे क्वचित. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुळापासून ३ सेंटिमीटर केस घेतले तर त्यात बरोबर पावसाळ्याचे महिने येतात, चढणीच्या माशांसकट. नमुन्याची वेळ ठरली: दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी.

मर्यादाही लिहून ठेवू. केसातला आकडा माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यासाठी भरवशाचा. पाऱ्याची वाफ ज्याने हुंगली त्याचं मोजमाप लघवीतून होतं. सराफी पेठेतल्या कचऱ्यातून सोनं काढणारे झारेकरी, किंवा पारा घातलेलं गोरं करणारं क्रीम लावणाऱ्या मुली, यांना केसांची तपासणी पुरेशी नाही. प्रश्नावलीत तसे दोन प्रश्न घातले.

बैठकीत जावळाचा विषय निघाला. बाळाच्या पहिल्या केसांच्या टोकाशी गर्भातल्या शेवटच्या महिन्यांची नोंद असते, आणि गर्भातल्या मेंदूलाच मिथाइल पाऱ्याचा धोका सर्वाधिक. जपानमध्ये आयांनी जपून ठेवलेल्या नाळेच्या तुकड्यांतून जुना पारा मोजला गेला. त्या मानाने जावळ मिळणं सोपं. पण ते देवाचं असतं. मी विरोध केला, गटाने मान्य केला. एखाद्या आईने आपण होऊन दिलं तर वेगळं. आपण मागायचं नाही.

२५ जुलै

नैतिकता समितीसाठी मसुदा पुरा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आदिवासी समाजांना असुरक्षित गटांत धरतात आणि वैयक्तिक संमतीबरोबर समाजाशी बोलणंही अपेक्षित धरतात. आम्ही त्यापुढे एक पाऊल गेलो. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी मांडलेली चार तत्त्वं घेतली: माहिती कुणाच्या मालकीची, नियंत्रण कुणाचं, पाहायला कुणाला मिळणार, प्रत्यक्ष ताब्यात कुणाच्या. मसुद्यात त्याचा अर्थ असा: वैयक्तिक निकाल त्या व्यक्तीचा, वाडीचा एकत्रित निकाल वाडीचा. वाडीच्या बैठकीत वाचून दाखवल्याशिवाय आकडा कुठेही छापायचा नाही, परिषदेतही मांडायचा नाही.

नाव न घेण्याचं कारणही हेच. "अमुक वाडीच्या माशांत पारा" एवढी एक ओळ व्हॉट्सअॅपवर फिरली, की आठवडी बाजारात त्या बायकांच्या पाटीला कुणी हात लावणार नाही. आकडा कमी आला तरी ती ओळ पुसली जात नाही. पाऱ्याला आळा घालण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराची प्रस्तावना मूळनिवासी समाजांचा आणि त्यांच्या पारंपरिक अन्नाचा उल्लेख करते. भारताने तो करार २०१८ साली मंजूर केला. ते अन्न वाचवायचं आहे हे आपण मोजण्याच्या नादात विसरून चालणार नाही.

१२ ऑगस्ट

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला आज बसलो, दुपारी चहा थंड होईपर्यंत वाद झाला.

आधी गणित. अन्नातल्या मिथाइल पाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००३ साली ठरवलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातल्या बाळाला धरून. वाडीतली ४५ किलोची बाई घेतली तर आठवड्याला ७२ मायक्रोग्रॅम. माशात दर ग्रॅमला ०.१ मायक्रोग्रॅम असेल तर ती आठवड्याला ७२० ग्रॅम मासे खाऊ शकते, तोच ०.५ असेल तर १४४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठा तुकडा. शिजवून, तळून, भाजून पारा जात नाही. सुकवल्यावर माशाचं वजन घटतं, पारा तेवढाच राहतो, म्हणून सुक्या माशाचा तुकडा लहान दिसला तरी हिशेब मूळ माशाचा.

एका सदस्याचं म्हणणं होतं, सावधगिरी म्हणून गरोदर बायकांना मासे बंदच सांगू. मी याच्या ठाम विरोधात आहे. त्या घरात दूध नाही, अंडं महाग, डाळ पातळ. हिमोग्लोबिन आधीच कमी. मासे बंद केले तर त्यांच्या जागी ताटात येणार काय, तर भात आणि मिरची. बाळाच्या मेंदूला लागणारी चांगली चरबीही त्याच माशांतून मिळते.

वाट दाखवली ती ब्राझीलच्या तापाजोस नदीकाठच्या कामाने. तिथे १९९०च्या दशकात संशोधक आणि गावकरी यांनी मिळून एकच सांगणं तयार केलं: जे मासे दुसरे मासे खात नाहीत, ते मासे जास्त खा. पुढच्या वर्षांत लोकांच्या केसांतला पारा उतरला, मासे खाणं घटलं नाही. त्याच भागात बायकांनी वर्षभर रोजच्या खाण्याची नोंद ठेवली; फळं जास्त खाणाऱ्यांच्या केसांत, मासे तितकेच खाऊनही, पारा कमी दिसला. करवंदं, जांभळं, उंबरं आपल्या प्रश्नावलीत आली ती यामुळे.

निकालाचा कागद असा ठरला. एक पान, मोठं टायपिंग, माशांची चित्रं. वर त्या व्यक्तीचा आकडा, केसाच्या दर ग्रॅमला किती मायक्रोग्रॅम तो. १च्या खाली असेल तर: चाललंय तसं चालू द्या. १ ते ६: मुरे, चिंगळ्या, चिलापी, रोहू चालू ठेवा, मोठी मरळ, मोठा शिंगटा आणि मुशी गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावी. ६च्या वर: डॉक्टर घरी येऊन तपासतील, रक्तही घेऊ, तीन महिन्यांनी पुन्हा केस. ६ ही रेघ कॅनडाच्या आरोग्य खात्याची, १ची अमेरिकेच्या सावध मर्यादेशी जुळणारी. कार्यकर्तीने कागद वाचून पाहिला आणि "टाळावी" खोडून "विकून टाका, घरात शिजवू नका" असं केलं. मला ते पटलं नाही. विकत घेणाऱ्या घरातही गरोदर बाई असू शकते. ती म्हणाली, मग मरळ धरूच नका असं सांगणार का? शेवटी "टाळावी" ठेवलं. हा प्रश्न सुटलेला नाही.

१९ सप्टेंबर

आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांच्यासोबत दिवसभर प्रशिक्षण. मिथाइल पाऱ्याची ओळखीची लक्षणं: हातापायांना, ओठांभोवती मुंग्या, चालताना तोल जाणं, नजरेचा पल्ला कडेने आकसणं, ऐकू कमी येणं, बोलणं जड होणं. सिस्टरांनी लगेच सांगितलं, मुंग्या तर अर्ध्या वाडीला आहेत. बरोबर आहे. मधुमेह, बी-१२ची कमतरता, दारू, फवारणीची औषधं, सगळ्यांनीच मुंग्या येतात. लक्षणांवरून पारा म्हणायचं नाही, आणि आकडा कमी आला म्हणून मुंग्यांकडे दुर्लक्षही करायचं नाही. तपासणीत जे सापडेल त्यावर उपचार, मग कारण कुठलंही असो. हे प्रशिक्षणाच्या कागदावर सर्वात वर टाकलं.

८ ऑक्टोबर

नमुने घेतले. पद्धत पुढच्या वेळेसाठी तपशिलात.

बाई पाठमोरी बसते, केस मोकळे. तेल लावलेलं असलं तरी चालतं, मेंदी किंवा कलप लावला असेल तर नोंद. डोक्याच्या मागच्या भागातली बट घ्यायची, उदबत्तीइतकी जाड. वरचे केस क्लिपने बाजूला केले की कापलेली जागा नंतर झाकली जाते. मुलींना हे आधी दाखवावं, भीती जाते. मुळाकडच्या बाजूला दोऱ्याची घट्ट गाठ, मग टाळूला टेकवून स्टीलच्या कात्रीने काप. गाठ आधी, काप नंतर, नाहीतर मूळ कुठलं नि टोक कुठलं ते कळत नाही. बट जाड कागदावर चिकटपट्टीने बसवायची, मुळाकडे बाण, कागदी पाकिटात घालायची, वर फक्त क्रमांक. फ्रीज लागत नाही, हे या तपासणीचं मोठं सुख.

३ सेंटिमीटरच्या पुढचा केस तिथेच कापून ज्याचा त्याला परत. करणीची शंका काढणाऱ्या मावशी आल्या. कापेपर्यंत आरसा हातात धरून मागे पाहत होत्या. उरलेले केस त्यांनी मोजल्यासारखे बोटांवर गुंडाळले, चोळीत ठेवले आणि सुनेला म्हणाल्या, "बस आता तू."

काही जणांनी नाही म्हटलं. त्यांची कारणं विचारली नाहीत.

१७ ऑक्टोबर

प्रयोगशाळेत. यंत्रात काही मिलिग्रॅम केस ऑक्सिजनमध्ये जाळतात. निघालेली पाऱ्याची वाफ सोन्याच्या थरावर अडकते, सोनं तापवलं की सुटते, आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशाने मोजली जाते. ॲमेझॉनमध्ये ज्या ओढीमुळे खाणकामगार पाऱ्याने सोनं पकडतात आणि नद्या नासतात, त्याच ओढीने इथे सोन्याने पारा पकडला जातो. पाऱ्याचं प्रमाण आधीच माहीत असलेला प्रमाणित केसांचा नमुना, केस न घालता चालवलेली रिकामी वाटी आणि दुहेरी मोजणी दर फेरीत असणार, हे लेखी घेतलं. प्रयोगशाळेने अहवाल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचं कबूल केलं आहे.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली, कुटुंबं निघायला लागली. अहवाल येईल तेव्हा वाडीत फार तर म्हातारी माणसं असतील. कुणीतरी सुचवलं, कागद अंगणवाडीत ठेवू, जूनमध्ये परतल्यावर घेतील. गरोदर बाईला जूनमध्ये कागद देऊन उपयोग काय? तिचं बाळंतपण होऊन गेलेलं असेल.

म्हणून आज कार्यकर्ती आणि मी घरोघर फिरून कोण कुठे जाणार ते लिहून घेतलं: भट्टी कुठल्या गावाला, मुकादम कोण, कुणाच्या घरी कुणाचा फोन चालतो. बरीच जण वाघोलीच्या पुढे, काही भोर-शिरवळकडे, काही खाली रायगडात. ज्यांच्या भट्टीचा ठिकाणा अजून ठरलेला नाही त्यांनी मुकादमाची उचल मिळाली की मिस्ड कॉल द्यायचा. कागद मुकादमाच्या हातात द्यायचा नाही, बाईच्या हातात द्यायचा, तिच्यासमोर वाचून. गाडीखर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. खजिनदारांनी छपाईच्या पैशांतून वळवायला संमती दिली. गरोदर बायकांच्या भट्ट्या आधी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.